कराची ते जुहू : जेआरडींना सात तास का लागले होते?

नकाशावर सरळ रेघ मारली तर कराची ते मुंबई अंतर भरतं साधारण ८७० किलोमीटर. आजच्या जेट विमानाला दीड तास पुरेल. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटांना सात तासांच्या वर लागले.

विमान हळू होतं म्हणून? ते अर्धंच उत्तर झालं.

जेआरडींचा जन्म १९०४ चा, पॅरिसचा. आई फ्रेंच. सुट्टीत कुटुंब फ्रान्सच्या किनाऱ्यावर हार्डेलोला जायचं. तिथे शेजार कुणाचा, तर १९०९ मध्ये विमानाने इंग्लिश खाडी ओलांडणाऱ्या लुई ब्लेरिओचा. पोराला विमानाचं वेड लागणारच. फेब्रुवारी १९२९ मध्ये त्यांना भारतात दिलेलं पहिलं पायलट लायसन्स मिळालं.

१९२९ ला आगा खान यांनी भारत-इंग्लंड एकट्याने उड्डाण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी बक्षीस लावलं. जेआरडी कराचीहून निघाले, अस्पी इंजिनियर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये दोघांची गाठ पडली. अस्पींचं विमान स्पार्क प्लगसाठी अडलेलं. जेआरडींनी आपल्याकडचे प्लग देऊन टाकले आणि थोडक्या तासांनी बक्षीस गमावलं! हेच अस्पी पुढे हवाई दलप्रमुख झाले.

आता मूळ मुद्दा. लंडनची टपाल इम्पीरियल एअरवेजची विमानं कराचीपर्यंत आणायची. पुढे दक्षिणेकडे नेण्यासाठी नेव्हिल व्हिन्सेंट या वैमानिकाने टाटांपुढे हवाई टपालाची योजना ठेवली. सरकारने अनुदान द्यायला नकार दिला, तरी टाटांनी धंदा सुरू केला.

पहिल्या दिवशी जेआरडी स्वतः पुस मॉथ घेऊन निघाले. एका इंजिनाचं छोटं विमान, सोबत २५ किलो टपाल. वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास. या वेगाने सरळ रेषेत गेले असते तरी साडेपाच तास लागले असते. पण मार्ग अहमदाबादवरून होता. म्हणजे कराची-अहमदाबाद सुमारे ५९५ आणि अहमदाबाद-जुहू सुमारे ४४० किलोमीटर. अंतर गेलं हजाराच्या वर, वेळ साडेसहा तासांवर. त्यात अहमदाबादला थांबून इंधन भरायचं. तिथे बर्मा शेलचे इंधनाचे डबे चक्क बैलगाडीतून आले होते.

सकाळी साडेसहानंतर निघालेले जेआरडी दुपारी दोनच्या आत जुहूला उतरले. तिथून व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे निघाले, तर वाटेत बेल्लारीला रात्रीचा मुक्काम. म्हणजे मद्रासचा हिशोब थेट दुसऱ्या दिवसावर गेला. अंतर मोजून वेळ कळत नाही तो असा!

आणि जुहू तरी काय, पावसाळ्यात सगळा चिखल. तेव्हा विमानं पुण्याहून चालवावी लागत.

१९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं मुंबई-लंडन विमान सुरू झालं. १९५३ ला सरकारने कंपनी ताब्यात घेतली, पण अध्यक्ष जेआरडीच राहिले. पगार न घेता. १९७८ मध्ये मोरारजी देसाई सरकारने त्यांना हटवलं, तेही ज्या पद्धतीने हटवलं ते शोभणारं नव्हतं.

१५ ऑक्टोबर १९८२ ला, वयाच्या ७८ व्या वर्षी, ते पुन्हा कराचीहून मुंबईला विमान उडवत आले. यावेळी लेपर्ड मॉथ हे जुनं विमान होतं आणि वाट तीच, पन्नास वर्षांपूर्वीची.