श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल आणि पिंजऱ्यांतील मुके जीव

थोरांच्या चरित्रांत कित्येकदां असें घडतें कीं, त्यांच्या एका गुणाचें तेज इतकें प्रखर असतें कीं, त्यापुढें त्यांचें दुसरें मोठें कार्य लोकांच्या दृष्टीस पडत नाहीं. श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचें नांव काढतांच भरतनाट्य आणि मद्रासचें कलाक्षेत्र हीं डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु प्रयोगशाळेच्या पिंजऱ्यांत बसलेल्या उंदरासारख्या क्षुद्र जिवासहि कायद्याचा कांहीं आधार मिळावा म्हणून या बाईंनीं केवढी खटपट केली, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. यास्तव त्यांचें चरित्र आम्ही येथें मुख्यतः त्या दृष्टीनें सांगणार आहों.

रुक्मिणीदेवींचा जन्म २९ फेब्रुवारी १९०४ रोजीं मदुरा येथें झाला. त्यांचे वडील नीळकंठ शास्त्री हे इंजिनियर असून थिऑसफीच्या मताचे होते. पुढें हें कुटुंब मद्रासजवळ अड्यार येथें राहावयास आलें. १९२० सालीं, वयाच्या सोळाव्या वर्षीं, डॉ. जॉर्ज अरुंडेल या इंग्रज गृहस्थांशीं त्यांचा विवाह झाला. त्यावेळच्या सनातनी समाजांत त्यामुळें मोठी खळबळ उडाली. १९२८ सालीं ॲना पाव्लोवा ही सुप्रसिद्ध रशियन नर्तकी मुंबईस आली असतां या दांपत्यानें तिचें नृत्य पाहिलें, आणि पुढें एकाच आगबोटीवर प्रवास घडून तिच्याशीं त्यांचा स्नेह जडला. त्यानंतर रुक्मिणीदेवींचें लक्ष आपल्याच देशांतील नृत्यकलेकडे वळलें. मीनाक्षीसुंदरम् पिळ्ळै यांच्याजवळ त्यांनीं तिचें शिक्षण घेतलें, १९३५ सालीं लोकांसमोर नृत्य केलें, आणि १९३६ सालीं कलाक्षेत्र ही संस्था स्थापिली. कुलीन घरच्या मुलीनें हें नृत्य शिकणें त्याकाळीं कमीपणाचें मानीत. लोकनिंदेस न भितां आपल्या मनास पटलेली गोष्ट करावयाची, हा त्यांचा स्वभाव येथेंच दिसून येतो.

१९५२ सालीं राष्ट्रपतींनीं त्यांची राज्यसभेवर नेमणूक केली. नृत्यांगना सभागृहांत बसून कलेविषयीं चार शब्द बोलेल, असेंच कोणासहि वाटलें असतें. परंतु १९५३ सालीं त्यांनीं मांडलेलें विधेयक होतें प्राण्यांना क्रूरतेनें वागविण्यास बंदी करण्याविषयीं. यापूर्वीं १८९० सालचा एक कायदा होता. पण जनावरांस मारणें, त्यांजवर बेसुमार भार लादणें, अशा उघड क्रूरतेवर त्याचा मुख्य रोख होता. प्रयोगशाळेच्या बंद दाराआड काय चालतें, तिकडे त्याची दृष्टि नव्हती. १९५४ सालीं या विधेयकावर चर्चा झाली. पंतप्रधान पंडित नेहरू यांनीं त्याच्या हेतूविषयीं सहानुभूति दाखविली, आणि सरकार या प्रश्नाचा स्वतः विचार करील, तरी बाईंनीं आपलें विधेयक परत घ्यावें, अशी विनंति केली. रुक्मिणीदेवींनीं तें परत घेतलें. पुढें सरकारनें समिति नेमली, तिचा अहवाल आला, आणि १९६० सालीं नवा कायदा झाला. आपल्या हातून सुटलेलें काम दुसऱ्याच्या हातून पुरें होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करणें हें स्वतः काम करण्याहून अवघड असतें. तें त्यांनीं केलें.

आतां कोणी पालक विचारतील, उंदरांसाठीं एवढा खटाटोप कशाला? घरांत धान्य नासणारा आणि शेतांत ऊंस कुरतडणारा हा प्राणी. त्याच्यासाठीं आपण सांपळे लावतों. प्रश्न रास्त आहे. परंतु १८९६ सालीं मुंबईंत प्लेग आला आणि थोड्याच वर्षांत आमच्या कोल्हापुरासहि त्यानें ग्रासलें, तो काळ आठवावा. लोक घरेंदारें सोडून माळावर झोंपड्यांत राहिले. त्यावेळीं डॉ. हाफकिन यांनीं मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत प्लेगची लस तयार केली. ती प्रथम सशांना टोंचली, आणि नंतर १० जानेवारी १८९७ रोजीं त्यांनीं स्वतःस टोंचून घेतली. त्यानंतर लक्षावधि लोकांनीं ती लस घेतली. माणसाच्या दंडापर्यंत पोंचण्यापूर्वीं ती मुक्या जिवाच्या अंगांतून गेली होती. तेव्हांपासून किती लशी आणि औषधें ससे, गिनीपिग आणि उंदीर यांच्या जिवावर सिद्ध झालीं असतील, त्यांची गणना नाहीं. शेतांतील उंदीर आमचा शत्रु असेल. पिंजऱ्यांतील उंदीर मात्र आमचा ऋणको नसून धनको आहे.

रुक्मिणीदेवी शाकाहाराच्या कट्टर पुरस्कर्त्या होत्या. तथापि १९६० च्या कायद्यानें प्रयोग बंद केले नाहींत. ज्ञानवृद्धीसाठीं व रोगनिवारणासाठीं केलेला प्रयोग त्यानें कायदेशीर ठेविला, आणि त्यावर देखरेख करण्यास समिति नेमण्याची तरतूद केली. प्रयोग शक्य तेथें टाळावेत; शस्त्रक्रिया करावयाची तर प्राण्यास भूल द्यावी; केवळ हाताला वळण लागावें म्हणून होतां होईल तों प्रयोग करूं नयेत; प्रयोगापूर्वीं व प्रयोगानंतरहि प्राण्यांची नीट निगा राखावी; आणि या सर्वांची नोंद ठेवावी, असे नियम करण्याचा अधिकार समितीस मिळाला. त्यांतच एक कलम असें आहे कीं, गिनीपिग, ससे, बेडूक, उंदीर अशा लहान प्राण्यांवर काम भागत असेल, तर मोठ्या प्राण्यांवर प्रयोग करूं नयेत. म्हणजे माकडाचा आणि कुत्र्याचा भार या कायद्यानें कांहीं अंशीं उंदराच्या पाठीवर ठेविला. मग ज्याच्यावर भार घातला, त्याच्या पिंजऱ्याची चौकशी नको काय?

ती चौकशी शास्त्रज्ञांनीं पुढें बारकाईनें केली आहे. उंदीर हा रात्रीं हिंडणारा प्राणी; प्रखर प्रकाशानें पांढऱ्या उंदराच्या डोळ्यांस इजा होते. आपल्या कानांस ऐकूं न येणारे उंच स्वर त्यास ऐकूं येतात, म्हणून यंत्राची कुरकुर त्याला छळते. त्याचे दांत जन्मभर वाढत असल्यामुळें कुरतडावयास कांहींतरी हवें असतें. जाळीच्या तळानें पाय दुखावतात. भुसा आणि कागदाच्या चिंध्या दिल्या तर तो घरटें करून ऊब धरतो. शेंपटीस धरून उचलला कीं तो घाबरतो. ओंजळींत किंवा नळीत घेऊन उचलला तर शांत राहतो. यांत दया आहे, तसाच शास्त्राचा लाभहि आहे. कारण भ्यालेल्या, कुडकुडणाऱ्या प्राण्याचें शरीर निरोगी प्राण्याप्रमाणें चालत नाहीं, आणि त्यावरून काढलेलें अनुमान चुकीचें ठरण्याचा संभव असतो. विल्यम रसेल व रेक्स बर्च या दोघां इंग्रज विद्वानांनीं १९५९ सालीं, आमच्या कायद्याच्या आदल्याच वर्षीं, ग्रंथ लिहून हेंच प्रतिपादिलें. प्राण्याऐवजीं दुसरा उपाय शोधा, प्राण्यांची संख्या कमी करा, आणि त्यांचे क्लेश कमी करा, या त्यांच्या तीन सूत्रांस आतां जगभर मान्यता आहे.

कायदा झाला, पण त्याचें फळ लवकर हातीं आलें नाहीं. १९६२ सालीं प्राणिकल्याण मंडळ स्थापन झालें, आणि रुक्मिणीदेवींनीं त्याचें अध्यक्षपद अखेरपर्यंत सांभाळिलें. प्रयोगांवर देखरेख करणारी समिति १९६४ सालीं नेमली गेली खरी. परंतु तिच्या हातून पुष्कळ वर्षें फारसें कार्य झालें नाहीं. मध्यंतरीं १९७७ सालीं पंतप्रधान मोरारजी देसाई यांनीं रुक्मिणीदेवींस राष्ट्रपतिपदासाठीं उभें राहण्याविषयीं विचारलें असतां त्यांनीं तें नाकारलें. २४ फेब्रुवारी १९८६ रोजीं त्यांचें देहावसान झालें. प्रयोगांसाठीं प्राणी पाळणाऱ्या प्रत्येक संस्थेनें नोंदणी करावी आणि आपली नीतिसमिति नेमावी, असे सविस्तर नियम १९९८ सालीं झाले; म्हणजे त्यांच्या पश्चात् बारा वर्षांनीं. प्राणीगृहाची उष्णता १८ ते २९ अंशांच्या दरम्यान असावी, येथपर्यंत तपशील पुढें ठरले. २०१४ सालीं विद्यापीठ अनुदान आयोगानें महाविद्यालयांतील प्राणिशास्त्राच्या अभ्यासांतून प्राण्यांची चिरफाड बंद करण्यास सांगितलें. यांतील कांहींच त्यांनीं पाहिलें नाहीं. जें झाड आपण लावावें, त्याची सावली दुसऱ्यास मिळावी, अशांतलाच हा प्रकार होय.

तरीहि एक गोष्ट कोणत्याहि कायद्याच्या आवांक्यांत येत नाहीं. तपासनीस वर्षांतून एखादे वेळीं येतो. पिंजऱ्यापाशीं रोज जाणारा हात मात्र एखाद्या नोकराचा किंवा विद्यार्थ्याचा असतो. दिवाळीच्या सुटींत पाण्याची बाटली कोणी भरली, ओला भुसा कोणी बदलला, हें उंदीर कोणास सांगणार? आमच्या शाळेंतून निघून आमचीं मुलेंमुली औषधनिर्माणाच्या, वैद्यकाच्या आणि शास्त्राच्या महाविद्यालयांत जातात. उद्यां त्यांतील कोणाच्या तरी हवालीं असा पिंजरा होईल. गाईस पूजा मिळते, पोपटास लाड मिळतात. ज्यास कोणीहि आपलें म्हणत नाहीं, अशा जिवाशीं आपण एकान्तांत कसें वागतों, यावरूनच आपल्या दयेची पारख होते. ही पारख करण्याची पाळी येईल, तेव्हां आमच्या विद्यार्थ्यांनीं बाटली भरूनच सुटीस जावें, एवढेंच या चरित्रापासून त्यांनीं घ्यावें अशी आमची इच्छा आहे.