डेंपोची १० नंबरची जर्सी का थांबली? ब्राझीलच्या ज्युनिअरची गोष्ट

लांजा : भातकापणी झाली की आपल्याकडे मळ्यात क्रिकेटचं पीच तयार होतं. बांदा ओलांडून गोव्यात शिरलं, की त्याच दिवसांत तशाच मळ्यात फुटबॉलचे खांब उभे दिसतात. त्या गोव्यात डेंपो नावाचा क्लब आहे. खाणींच्या धंद्यातून मोठं झालेल्या डेंपो घराण्यानं तो उभा केला. या क्लबची १० नंबरची जर्सी २००४ नंतर दुसऱ्या कुणाला दिली गेली नाही. ती ज्याच्या अंगावर होती तो खेळाडू गोव्याचा नव्हता आणि भारतातलाही नव्हता. तो होता ब्राझीलचा क्रिस्तियानो सेबास्तियाओ द लिमा ज्युनिअर. ब्राझीलमध्ये बापाचंच नाव मुलाला ठेवलं की शेवटी ज्युनिअर लावतात. भारतात मात्र लोकांनी एवढं लांबलचक नाव घेतलंच नाही. कोलकात्यात आणि गोव्यात तो नुसता ज्युनिअर म्हणूनच ओळखला गेला.

जन्म १९७९ चा. खेळायची जागा फॉरवर्ड. फुटबॉल न बघणाऱ्यांनी कबड्डीतला चढाई करणारा गडी डोळ्यासमोर आणावा. बाकीच्यांनी कितीही राबलं तरी गुण आणायचे ते त्यानंच.

ब्राझील म्हटलं की आपल्याला पेले आठवतो आणि तिथले सगळे फुटबॉलवाले करोडपती असतील असं वाटतं. तसं नाही. त्या देशात फुटबॉल हा पोटाचा धंदा आहे आणि त्यात हजारो पोरं आहेत. त्यातली मूठभर युरोपच्या मोठ्या क्लबांत जातात. बाकीची जिथे काम मिळेल तिथे, मग तो देश नकाशावर शोधावा लागला तरी चालेल. लांज्या-राजापुरातला माणूस गिरणीच्या काळात मुंबईला चाकरीला जात होता, त्यातलाच हा प्रकार, फक्त समुद्र ओलांडून. भारताची वाट त्यांना दाखवली ती जोसे रामिरेझ बरेटो या ब्राझिलियन फॉरवर्डनं. १९९९ मध्ये तो कोलकात्याच्या मोहन बागानकडे आला आणि तिथला लाडका झाला. मग इतर क्लबांनाही ब्राझिलियन हवेसे वाटू लागले.

ज्युनिअर २००३-०४ च्या मोसमात कोलकात्याच्या ईस्ट बंगालकडून खेळला. प्रशिक्षक सुभाष भौमिक, सोबतीला भायचुंग भुतिया. कोलकात्यात फुटबॉल म्हणजे काय ते तिथे राहिलेल्यालाच कळतं. ईस्ट बंगाल आणि मोहन बागान यांच्या सामन्याला सॉल्ट लेकच्या स्टेडियमवर लाखभर माणूस बसायचा. विदेशी खेळाडूला तिथे नवखेपणाची सवलत मिळत नाही. गोल केला तर खांद्यावर, चुकला तर शिव्या. ज्युनिअरनं त्या मोसमाच्या नॅशनल लीगमध्ये १५ गोल केले. लीगमध्ये त्याच्याइतके गोल दुसऱ्या कुणाचेच नव्हते. ईस्ट बंगालनं लीग जिंकली, तीही सलग दुसऱ्या वर्षी. तोपर्यंत देशात कोणत्याच क्लबला लागोपाठ दोनदा ती जिंकता आली नव्हती. आणि दुसऱ्या नंबरवर कोण राहिलं? गोव्याचा डेंपो.

ज्याच्या गोलांनी हातचा कप गेला त्यालाच आपल्याकडे आणावं, हा सरळ व्यवहार. पुढच्या मोसमात ज्युनिअर डेंपोत आला. इथे प्रशिक्षक होते आर्मांडो कुलासो, अस्सल गोंयकार. त्याच वर्षी नायजेरियाचा रँटी मार्टिन्स हा तरणा फॉरवर्डही डेंपोत आला होता. गोव्यात ब्राझीलच्या माणसाला फार परकं वाटायचं कारण नाही. दोन्हीकडे पोर्तुगीजांचं राज्य होतं आणि जुन्या पिढीतली गोव्याची माणसं अजून पोर्तुगीज बोलतात. चर्च, मासे, नारळ आणि फुटबॉल हेही सगळं ओळखीचंच. डेंपोनं त्याला १० नंबर दिला. ब्राझीलमध्ये या आकड्याला केवढा मान आहे ते पेलेमुळे जगाला माहीत आहे.

डेंपोतली त्याची नोकरी काही महिन्यांचीच ठरली.

५ डिसेंबर २००४, रविवार. बेंगळुरूचं कांतीरवा स्टेडियम. फेडरेशन कपची फायनल, डेंपो विरुद्ध मोहन बागान. हा कप डेंपोनं तोपर्यंत कधी जिंकला नव्हता. ज्युनिअरनं एक गोल केला. मग ७८ व्या मिनिटाला तो पुन्हा चेंडू घेऊन गोलकडे धावला. समोर बागानचा गोलरक्षक सुब्रत पाल, अजून १८ पूर्ण न झालेला पोरगा, त्याला अडवायला पुढे आला. ज्युनिअरनं चेंडू पुढे ढकलला आणि दोघांची टक्कर झाली. मार छातीवर बसला. चेंडू गोलात गेला, म्हणजे हिशेबात गोल झाला, २-०. पण गोल करणारा जमिनीवर पडला तो उठला नाही.

सोबत्यांनी त्याला शुद्धीवर आणायची धडपड केली. छाती दाबली, श्वास द्यायचा प्रयत्न केला. दवाखान्यात नेलं तोपर्यंत सगळं संपलं होतं. वय २५. हृदयक्रिया बंद पडल्यानं मृत्यू, असं कारण सांगण्यात आलं. देशातली एवढी मोठी फायनल आणि मैदानाच्या कडेला अशा वेळेसाठी नीट तयारी नाही, यावर तेव्हा बरीच टीका झाली.

ही टीका उगाच नव्हती. हृदय अचानक थांबलं तर चार-पाच मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते. विजेचा झटका देऊन हृदय परत तालावर आणणारं एक यंत्र असतं. एईडी म्हणतात त्याला. पिशवीत मावतं आणि काय करायचं ते बोलून सांगतं. ते मिळायला जितकी मिनिटं जातात तितकी दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटत जाते. त्या दोन वर्षांत जगानं हे वारंवार पाहिलं. जून २००३ मध्ये फ्रान्समधल्या लिऑनला कॅमेरूनचा मार्क-विव्हियन फो मैदानात कोसळून गेला. जानेवारी २००४ मध्ये पोर्तुगालमध्ये हंगेरीचा मिक्लोश फेहेर. २७ ऑक्टोबर २००४ ला ब्राझीलमध्येच साओ केतानोचा सेर्जिन्यो. त्यानंतर सहा आठवडेही झाले नाहीत तोवर बेंगळुरूत ज्युनिअर. पुढे १२ जून २०२१ ला डेन्मार्कचा ख्रिस्तियन एरिक्सन कोपनहेगनच्या मैदानात असाच पडला. त्याच्याजवळ लगेच डॉक्टर पोचले, छाती दाबली, यंत्र लावलं. तो वाचला आणि परत खेळायलाही लागला. आपल्याकडच्या स्पर्धांच्या खर्चात मंडप असतो, साऊंड असतो, माणसाच्या उंचीची ट्रॉफी असते. रात्री दोन वाजता एखादा गडी पडला तर कुठली गाडी कुठल्या रस्त्यानं जाणार, हे मात्र आयोजकांना बऱ्याचदा त्याच वेळी सुचतं.

फेडरेशन कप डेंपोचा झाला. या क्लबच्या खात्यावर तो एकच फेडरेशन कप आहे आणि फायनलचे दोन्ही गोल ज्युनिअरचे. क्लबनं १० नंबरची जर्सी त्याच्या नावानं कायमची बाजूला ठेवली.

त्याच मोसमाची नॅशनल लीग डेंपोला त्याच्याविना खेळावी लागली. स्पोर्टिंग क्लब द गोवा या शेजारच्याच क्लबशी चुरस होती. शेवटी डेंपोनं बाजी मारली. ही त्यांची पहिली राष्ट्रीय लीग. पुढे २००६-०७, २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ अशा आणखी चार त्यांनी जिंकल्या. कुलासो यांचं नाव त्यातूनच देशभर झालं. ज्युनिअरसोबत आलेला रँटी मार्टिन्स या पाचही विजयांत होता. भारतातल्या लीगमध्ये त्यानं दोनशेच्या वर गोल केले. ज्युनिअर जगला असता तर ही जोडी कुठवर गेली असती, हा विषय गोव्यातल्या जुन्या प्रेक्षकांसमोर काढायचा असेल तर तासभर वेळ हाताशी ठेवावा.

राहिला सुब्रत पाल. भारतीय फुटबॉल महासंघानं त्याला दोन महिन्यांसाठी निलंबित केलं. त्यानं मुद्दाम मारलं की धावपळीत लागलं, यावर लोक वर्षानुवर्षं भांडले. इंटरनेटवर तो क्षण आजही सापडतो आणि खाली भांडण चालूच असतं. अठराव्या वर्षी एवढं ओझं घेऊन तो पोरगा खेळत राहिला, हेही सोपं नव्हतं. पुढे तो भारताचा गोलरक्षक झाला. २००९ ची नेहरू कप फायनल पेनल्टीवर गेली तेव्हा त्याच्या हातांनी भारताला तारलं. २०११ च्या आशियाई कपात दक्षिण कोरियाविरुद्ध त्यानं इतके चेंडू अडवले की तो स्पायडरमॅन म्हणून ओळखला जाऊ लागला. महाराष्ट्रातही तो पुणे एफसी आणि मुंबई सिटी या दोन संघांकडून खेळून गेला. २०१६ मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला.

ज्या कांतीरवा स्टेडियमवर ज्युनिअर पडला, तिथे आता बेंगळुरू एफसीचे सामने होतात.