एका झुलू माणसाने विचारलेल्या प्रश्नामुळे बिशपवर खटला भरला गेला होता

डिसेंबर १८९९. दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध पेटलेलं. एका लढाईत जखमी झालेल्या इंग्रज सैनिकांना डोलीतून वाहून नेणाऱ्यांमध्ये एक भारतीय वकील होते, मोहनदास गांधी. त्या गावाचं नाव कोलेन्सो. ज्या माणसावरून ते पडलं त्याला जाऊन तेव्हा १६ वर्षं झाली होती, आणि जिवंतपणी त्याने अख्ख्या इंग्लंडच्या चर्चची झोप उडवली होती.

जॉन विल्यम कोलेन्सो. जन्म १८१४, इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलचा. घरी पैशाची ओढाताण, पण गणितात डोकं असं की १८३६ साली केंब्रिजच्या परीक्षेत दुसरे आले. पुढे त्यांनी अंकगणित आणि बीजगणिताची शालेय पुस्तकं लिहिली, ती धो धो चालली. हे गणित लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१८५३ मध्ये कोलेन्सो नाताळ या ब्रिटिश वसाहतीचे बिशप झाले. तिथे जाऊन ते झुलू भाषा शिकले, तिचं व्याकरण लिहिलं, शब्दकोश केला. झुलू लोक त्यांना सोबांटू, म्हणजे लोकांचा बाप म्हणू लागले.

पहिली ठिणगी पडली ती बहुपत्नीत्वावरून. दोन-तीन बायका असलेल्या झुलू पुरुषाला बाप्तिस्मा हवा असेल, तर एक ठेवून बाकीच्या सोडाव्यात असा मिशनऱ्यांचा आग्रह. कोलेन्सोंचं म्हणणं होतं की अब्राहाम आणि याकोब यांनाही एकाहून जास्त बायका होत्या, तो त्या काळचा रिवाज होता. आणि सोडलेल्या बायका-पोरांनी जायचं कुठे? नवीन लग्न करू नका, पण आहे तो संसार मोडू नका, असा त्यांनी मार्ग काढला.

खरा स्फोट व्हायचा होता. बायबलचं झुलू भाषांतर करताना त्यांच्या मदतीला विल्यम एनगिडी हा झुलू माणूस होता. (हो, क्रिकेटवाल्या लुंगी एनगिडीचंच आडनाव.) नोहाच्या जलप्रलयाची गोष्ट चालली होती. एनगिडीने साधं विचारलं, हे सगळं खरंच घडलं का? थंड मुलखातले, गरम मुलखातले सगळे प्राणी जोडीजोडीने तारवात आले? वाघ-सिंहांना खायला काय घातलं? कोलेन्सोंनी भूगर्भशास्त्र वाचलेलं होतं. असा जगभराचा प्रलय झालेला नाही, हे त्यांना माहीत होतं. आता या माणसाच्या डोळ्यांत बघून हो म्हणायचं?

त्याहून अवघड होता निर्गमच्या २१ व्या अध्यायातला एक नियम. मालकाने गुलामाला काठीने मारलं आणि तो एक-दोन दिवस जगून मग मेला, तर मालकाला शिक्षा नाही, कारण गुलाम म्हणजे त्याचाच पैसा. हे ऐकून एनगिडी संतापला. दयाळू देव असं कसं सांगेल? कोलेन्सोंनी तेव्हा वेळ मारून नेली. मोशेला ही देवाची आज्ञा वाटली असावी, म्हणून त्याने ती लिहिली असेल, असं काहीसं सांगितलं. पण प्रश्न त्यांच्या मनातून गेला नाही.

मग गणिताचा मास्तर कामाला लागला. इजिप्तमधून ६ लाख लढवय्ये निघाले, म्हणजे बायका-मुलं धरून २० लाख माणसं. ही मंडळी १०० हात लांब आणि ५० हात रुंद अंगणात जमणार कशी? एवढ्या लोकसंख्येत रोज होणाऱ्या बाळंतपणांसाठीचे बळी फक्त ३ याजकांनी खायचे म्हटलं, तर प्रत्येकाच्या वाट्याला दिवसाला ८८ कबुतरं! १८६२ मध्ये हे सगळं पुस्तकात आलं. पुढच्या भागांत त्यांनी दाखवलं की ही पुस्तकं एकट्या मोशेची नाहीत. वेगवेगळ्या शतकांत, वेगवेगळ्या हातांनी लिहिली गेली आहेत, आणि प्रत्येक हाताने आपल्या काळाचे कायदे, समजुती त्यात ओतल्या आहेत. गुलामाचा तो नियम देवाचा नव्हे, त्या काळच्या माणसांचा. कबुतरांचा हिशेब जरा अतीच होता हे खरं. जुन्या ग्रंथातले आकडे जनगणनेसारखे वाचायचे नसतात. पण समोरचे लोक ते तसेच वाचत होते, त्याला बिशप काय करणार?

लंडनमध्ये विनोद फिरू लागले, की बिशप झुलूंना बाटवायला गेला आणि झुलूनेच बिशपला बाटवलं. १८६३ मध्ये केपटाउनचे बिशप रॉबर्ट ग्रे यांनी खटला चालवून त्यांना पदावरून काढलं. १८६५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल रद्द ठरवला. मग ग्रे यांनी त्यांना बहिष्कृत केलं. १८६९ मध्ये दुसरा बिशप नेमून पाठवला गेला आणि पीटरमारित्झबर्ग या एकाच गावात दोन बिशप नांदू लागले.

निदान वसाहतीतले बरेच गोरे अजून त्यांच्या बाजूने होते. तेही १८७३ नंतर गेले. ह्लुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले याच्यावर बंदुकांची नोंदणी टाळून बंड केल्याचा आरोप आला. त्याला धड वकीलही न देता रॉबेन बेटावर धाडलं. हो, पुढे मंडेलांना ठेवलं तेच बेट. कोलेन्सोंनी जबान्या तपासल्या, अगदी निर्गम तपासावं तशा. कोण काय म्हणतो, कधी म्हणतो, कुणाच्या फायद्याचं म्हणतो. जबान्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. ते १८७४ मध्ये थेट लंडनला गेले. नाताळच्या गव्हर्नरला परत बोलावलं गेलं, लांगालिबालेले बेटावरून सुटून मुख्य भूमीवर आला. पण कोलेन्सोंचे जुने जिवलग मित्र थिऑफिलस शेपस्टन कायमचे तुटले.

१८७९ च्या झुलू युद्धातही ते आपल्याच सरकारच्या विरोधात बोलत राहिले. २० जून १८८३ ला ते गेले. झुलू राजघराण्याचे पुढचे खटले त्यांची मुलगी हॅरिएट लढवत राहिली.