बार्चेस्टरचा हिशेबनीस

कॅथेड्रल आणि कादंबरी हे दोन शब्द एकत्र आले, की बहुतेकांना प्रथम व्हिक्टर ह्यूगोचे नोत्र दाम आठवते. १८३१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कादंबरीत उत्तुंग मनोरे आहेत, घणघणणाऱ्या घंटा आहेत आणि कुबडा घंटावाला आहे. पुढे २४ वर्षांनी इंग्लंडमध्ये आणखी एका कॅथेड्रलची कादंबरी आली. तिच्यात ना खून होता, ना चमत्कार. तिच्यातल्या धर्मगुरूंना पगाराची चिंता होती, बढतीची आस होती आणि वर्तमानपत्रांची धास्ती होती. 'द वॉर्डन' हे त्या कादंबरीचे नाव आणि अँथनी ट्रोलप हा तिचा कर्ता. तो कोणी धर्मगुरू नव्हता. पोस्ट खात्यात नोकरी करणारा अधिकारी होता.

ट्रोलपचा जन्म २४ एप्रिल १८१५ रोजी लंडनमध्ये झाला. त्याचे दोन्ही आजोबा धर्मगुरू होते. वडील विद्वान वकील. पण स्वभाव इतका तापट, की अशिलांनी हळूहळू पाठ फिरवली. वकिली बुडाली, मग शेतीही बुडाली. ही विफलता पोटाशी धरून ते चर्चविषयक शब्दांचा एक प्रचंड कोश रचत बसले. तो अपुरा ठेवूनच १८३५ मध्ये त्यांनी देह ठेवला. हॅरो आणि विंचेस्टर या नामांकित शाळांत अँथनी शिकला खरा. पण फी थकलेली, कपडे मळकट आणि पायाला चिखल. श्रीमंतांच्या मुलांत वावरणाऱ्या गरिबाच्या वाट्याला येणारी उपेक्षा त्याने पुरेपूर भोगली.

संसार सावरला तो आईने. फ्रान्सिस ट्रोलपने पन्नाशीत लेखणी हाती धरली. १८३२ साली अमेरिकी लोकजीवनावरचे तिचे पुस्तक गाजले आणि त्यानंतर तिने विश्रांती घेतली नाही. कर्जदारांना चुकवण्यासाठी १८३४ मध्ये कुटुंब बेल्जियममधील ब्रूजला पळाले. तिथे एका खोलीत क्षयाने झिजणारा मुलगा, दुसरीत आजारी पती आणि मधल्या वेळात कादंबरीची पाने, असा तिचा दिनक्रम होता. लेखन म्हणजे दैवी स्फुरण नव्हे, घर चालवण्याचे कष्टाचे काम आहे, हा धडा धाकट्या मुलाने तिथेच गिरवला.

त्याच वर्षी अँथनी लंडनच्या मुख्य टपाल कचेरीत वर्षाला ९० पौंडांवर कारकून म्हणून चिकटला. पहिली सात वर्षे कर्ज, उशिरा येणे आणि वरिष्ठांची बोलणी यांतच गेली. १८४१ मध्ये त्याने आयर्लंडमधील, कोणालाही नको असलेली जागा मागून घेतली आणि तिथे त्याचे नशीब पालटले. घोड्यावरून हिंडणे, तक्रारींचा छडा लावणे, माणसे पारखणे या कामात तो रमला. १८४४ मध्ये रोझ हेझेल्टाइनशी त्याचा विवाह झाला. १८४७ मध्ये पहिली कादंबरी निघाली; तिची कोणी दखलही घेतली नाही.

१८५१ मध्ये नैर्ऋत्य इंग्लंडमधील खेडोपाडी टपालवाटपाची व्यवस्था लावण्याचे काम त्याच्याकडे आले. पोस्टमनला दिवसाला सोळा मैलांपेक्षा अधिक चालायला लावू नये असा नियम होता. वाटा मोजण्यासाठी ट्रोलपने गावेच्या गावे पालथी घातली. शेतकऱ्यांच्या ओसऱ्या, जमीनदारांचे वाडे, धर्मगुरूंची घरे त्याने दारात उभे राहून पाहिली. याच काळात त्याच्या शिफारशीवरून १८५२ साली जर्सी बेटावर रस्त्याकडेच्या टपालपेट्या बसल्या आणि पुढे त्या ब्रिटनभर पसरल्या. त्याच भ्रमंतीत एका उन्हाळी संध्याकाळी तो सॉल्सबरीच्या कॅथेड्रलभोवती रेंगाळला आणि त्याला 'द वॉर्डन'ची कल्पना सुचली.

कथानक साधे आहे. बार्चेस्टर या काल्पनिक गावी पंधराव्या शतकातील एका लोकर व्यापाऱ्याने मृत्युपत्राद्वारे बारा निराधार वृद्धांसाठी आश्रम स्थापन केला. शतके लोटली, जमिनीचे उत्पन्न वाढले. वृद्धांच्या हाती मात्र ठरावीक चिल्लरच पडत राहिली आणि वाढलेला पैसा वॉर्डनच्या पदरात गेला. सध्याचा वॉर्डन सेप्टिमस हार्डिंग हा देवभोळा, सेलो वाजवण्यात रमणारा विधुर. वर्षाला ८०० पौंड आणि सुंदर घर त्याला मिळते. गावातला तरुण डॉक्टर बोल्ड हा गैरव्यवहार चव्हाट्यावर आणतो. आणि त्याचे प्रेम हार्डिंगच्याच मुलीवर आहे. लंडनचे बलाढ्य वर्तमानपत्र हार्डिंगला लुटारू ठरवते. हार्डिंगचा जावई आर्चडीकन ग्रँटली कायद्याची ढाल पुढे करतो. कायदा हार्डिंगच्या बाजूने उभा राहतोही. पण त्याची झोप उडालेली असते. हे पैसे खरोखर माझे आहेत का, हा प्रश्न त्याला आतून पोखरू लागतो. जावयाची नजर चुकवून तो लंडन गाठतो, वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दिवस काढतो आणि अखेर राजीनामा देतो.

हा विषय हवेतला नव्हता. विंचेस्टरजवळच्या सेंट क्रॉस या जुन्या धर्मादाय संस्थेच्या उत्पन्नाचा वाद त्याच सुमारास न्यायालयात गाजत होता. दुसऱ्या एखाद्या लेखकाने सुधारकाला नायक केले असते किंवा चर्चची पाठराखण केली असती. ट्रोलपने दोन्ही टाळले. व्यवस्था अन्यायाची आहे हे तो मान्य करतो. पण तिच्या माथ्यावर बसलेला माणूस सज्जन असू शकतो हेही दाखवतो. हार्डिंग गेल्यावर वर्षाला शंभर पौंड मिळण्याची स्वप्ने पाहणाऱ्या वृद्धांना छदामही मिळत नाही. उलट हार्डिंग स्वतःच्या खिशातून रोज देत असलेले दोन पेन्स बंद होतात आणि त्यांची विचारपूस करणाराही उरत नाही. न्याय्य मागणीचा शेवट न्यायात होतोच असे नाही, हे कटू सत्य एवढ्या सौम्य स्वरात फार थोड्यांनी सांगितले आहे.

या कादंबरीने पहिल्या दोन वर्षांत ट्रोलपला जेमतेम वीस पौंड मिळवून दिले. तो खचला नाही. १८५७ साली 'बार्चेस्टर टॉवर्स' आली. वृद्ध बिशप मृत्युशय्येवर आहे, सरकार कोसळण्याच्या बेतात आहे आणि वडिलांचा जीव आधी जातो की मंत्रिमंडळ, यावर आर्चडीकनची बढती अवलंबून आहे. मुलगा अंथरुणापाशी बसून स्वतःच्याच मनातल्या इच्छेने हादरतो. या प्रसंगातले मनुष्यस्वभावाचे दर्शन आजही अस्वस्थ करते. बिशपपदी येतो तो डॉ. प्राउडी, पण कारभार त्याच्या पत्नीचा चालतो. मिसेस प्राउडी हे पात्र वाचकांच्या तोंडी झाले. पुढे 'डॉक्टर थॉर्न', 'फ्रॅमली पार्सनेज' आणि 'द स्मॉल हाऊस ॲट ॲलिंग्टन' अशी मालिका बार्सेटशायर या कल्पित परगण्यात वाढत गेली.

यापैकी 'डॉक्टर थॉर्न'चा आपल्याकडच्या टपालाशीही दूरचा धागा आहे. ब्रिटनमधून हिंदुस्थानला येणारी टपालाची पोती तेव्हा इजिप्तमार्गे जात. ती रेल्वेने लवकर पुढे जावीत यासाठी करार करायला ट्रोलपला १८५८ मध्ये इजिप्तला धाडले होते. वाटाघाटी चालू असताना त्याने ही कादंबरी तिथे पुरी केली आणि दुसऱ्याच दिवशी नवी सुरू केली.

त्याची शिस्त अशीच होती. पहाटे साडेपाचला टेबलाशी बसायचे, समोर घड्याळ ठेवायचे आणि दर पंधरा मिनिटांना २५० शब्द लिहायचे. वेळेवर उठवणाऱ्या नोकराला तो वर्षाला पाच पौंड जादा देई. दिवसभर टपालाचे काम आणि आगगाडीच्या प्रवासात मांडीवर फळी ठेवून लेखन. अशा रीतीने ४७ कादंबऱ्या झाल्या.

१८६७ च्या 'द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट'ने मालिका संपली. वीस पौंडांचा धनादेश चोरल्याचा आळ आलेला जोशाया क्रॉली हा दरिद्री, विद्वान, मानी आणि हेकट धर्मगुरू तिच्या केंद्रस्थानी आहे. शेतात आणि कोशात हरवलेल्या आपल्या वडिलांनाच लेखकाने इथे क्षमा केली, असे वाटल्याशिवाय राहत नाही. याच पुस्तकात मिसेस प्राउडी अचानक मरते. क्लबमध्ये दोन धर्मगुरू तीच तीच पात्रे पुन्हा येतात म्हणून कुरकुरत होते. ते ऐकून ट्रोलपने आठवड्याभरात तिला संपवण्याचे तिथेच कबूल केले. हार्डिंगलाही याच पुस्तकात शांत मरण येते.

त्याच वर्षी ट्रोलपने पोस्टाची नोकरी सोडली. १८६८ मध्ये संसदेची निवडणूक लढवून तो हरला. ६ डिसेंबर १८८२ रोजी त्याचे निधन झाले. पुढच्या वर्षी आत्मचरित्र निघाले आणि त्यानेच त्याची कीर्ती घसरणीला लावली. कोणत्या पुस्तकाचे किती मिळाले याचा तपशील देऊन त्याने एकूण बेरीजही मांडली होती : ६८,९३९ पौंड १७ शिलिंग ५ पेन्स. घड्याळ लावून लिहिणाऱ्या आणि पैसे मोजणाऱ्या माणसाला कलावंत मानायला त्या पिढीचे रसिक तयार नव्हते. धर्मगुरूंशी आपला फारसा सहवास नव्हता, आपला आर्चडीकन निव्वळ कल्पनेतून घडला, हेही त्याने सांगून टाकले.

परंतु त्याच्या लेखनाचे बळ याच हिशेबी प्रामाणिकपणात होते. पवित्र मानलेल्या संस्थाही पगार, पदे आणि रुसवेफुगवे यांवर चालतात, हे पोस्टातल्या माणसाला वेगळे शिकावे लागले नाही. आपल्या मिळकतीकडे उघड्या डोळ्यांनी पाहण्याचे जे धैर्य त्याने हार्डिंगला दिले, तेच त्याने आत्मचरित्रात स्वतः दाखवले. हार्डिंगने त्यापायी घर गमावले, ट्रोलपने काही दशकांची कीर्ती.

ती कीर्ती परत आली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लिश वाचक बार्चेस्टरकडे वळले. १९८२ मध्ये बीबीसीने या कादंबऱ्यांवर मालिका केली. १९९३ साली वेस्टमिन्स्टर ॲबेच्या कविकोपऱ्यात ट्रोलपच्या नावाची शिळा बसली. हार्डिंगने सर्वांची नजर चुकवून जिथे आपल्या विवेकाशी दिवसभर झगडा केला, त्याच वास्तूत त्याच्या निर्मात्याला अखेर जागा मिळाली.