विश्लेषण : मृत्यूच्या दिवशी सण कसा? वसईचे संत गोन्सालो गार्सिया आणि त्यांच्या सणाचा अर्थ

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात कॅथलिक ख्रिस्तसभा जपानमधील २६ रक्तसाक्ष्यांचे स्मरण करते. त्यांतील एक वसईचे होते. संत गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत मानले जातात. पण ज्या दिवशी त्यांना क्रूसावर ठार मारण्यात आले, त्याच घटनेचा सण का साजरा होतो?

गोन्सालो गार्सिया कोण होते?

१५५७च्या सुमारास वसईत त्यांचा जन्म झाला. तेव्हा वसईवर पोर्तुगीजांची सत्ता होती. त्यांचे वडील पोर्तुगीज, तर आई स्थानिक. वसईतील येशूसंघीय धर्मगुरूंकडे त्यांचे शिक्षण झाले आणि तरुणपणीच ते या धर्मगुरूंसोबत जपानला गेले. तेथे जपानी भाषा त्यांनी उत्तम आत्मसात केली. धर्मशिक्षक म्हणून अनेक वर्षे सेवा केली. येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची इच्छा मात्र पूर्ण झाली नाही.

मग ते व्यापारात उतरले आणि त्यात त्यांचा जमही बसला. तरीही मन रमेना. अखेर फिलिपाइन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघात दाखल झाले. धर्मगुरू म्हणून नव्हे, तर साधे ब्रदर म्हणून.

पुन्हा जपानला का गेले?

१५९३ मध्ये मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने फादर पेद्रो बाप्तिस्ता यांना जपानचे सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी यांच्याकडे दूत म्हणून पाठवले. सोबत दुभाषा हवा होता. ते काम गोन्सालो यांच्याकडे आले. फ्रान्सिस्कनांना क्योतोत राहण्याची मुभा मिळाली. तेथे त्यांनी चर्च उभारले, रुग्णांसाठी रुग्णालय सुरू केले.

शिक्षा का झाली?

हिदेयोशी यांनी १५८७ मध्येच मिशनऱ्यांविरुद्ध हुकूम काढला होता. पण त्याची कडक अंमलबजावणी होत नव्हती. १५९६ मध्ये ‘सान फेलिपे’ हे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील माल जप्त झाला, वाद पेटला. धर्मप्रचारामागून परकीय फौजा येतील, हा संशय बळावला आणि क्योतो-ओसाका भागातील ख्रिस्ती लोकांची धरपकड झाली.

कैद्यांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून त्यांची धिंड काढण्यात आली. नंतर ऐन थंडीत सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. निघाले तेव्हा ते २४ होते. वाटेत आणखी दोघांची भर पडली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर सर्वांना क्रूसावर बांधून भाल्यांनी मारण्यात आले. त्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि १७ प्रापंचिक ख्रिस्ती होते. काही तर कोवळी मुले होती. गोन्सालो तेव्हा चाळिशीच्या आसपास होते.

मग हा सण कसा?

ख्रिस्तसभेत बहुतेक संतांचा सण जन्मतारखेला नव्हे, तर मृत्यूच्या दिवशी किंवा त्याच्या जवळच्या दिवशी येतो. श्रद्धेनुसार तो त्यांचा स्वर्गातील जन्मदिवस असतो. म्हणजे हा छळाचा किंवा वेदनेचा उत्सव नाही. अखेरपर्यंत टिकलेल्या निष्ठेचा हा आनंद आहे. रक्तसाक्ष्याच्या सणाला मिस्सामध्ये धर्मगुरू लाल पोशाख घालतात, तो सांडलेल्या रक्ताची आठवण म्हणून.

संतांची पूजा होते का?

नाही. आराधना फक्त देवाची. संतांचा सन्मान केला जातो आणि आपल्यासाठी देवाकडे प्रार्थना करावी, अशी त्यांना विनंती केली जाते.

तारीख ५ की ६?

मृत्यू ५ फेब्रुवारीचा. पण त्या दिवशी संत आगाथा यांचा सण असतो. त्यामुळे जागतिक दिनदर्शिकेत या रक्तसाक्ष्यांचे स्मरण ६ फेब्रुवारीला ठेवले आहे. तेथे नाव येते ते संत पॉल मिकी आणि सोबती असे. या ‘सोबत्यां’मध्येच वसईचे गोन्सालो आहेत.

संतपद कधी मिळाले?

१६२७ मध्ये या रक्तसाक्ष्यांना धन्य घोषित करण्यात आले. ८ जून १८६२ रोजी पोप नववे पायस यांनी त्यांना संत म्हणून जाहीर केले. मृत्यूनंतर तब्बल २६५ वर्षांनी.

सामान्य भाविकांसाठी अर्थ काय?

गोन्सालो धर्मगुरू नव्हते. ज्या संघात जायचे होते, तेथे त्यांना जागा मिळाली नाही. काही काळ ते व्यापारीही होते. दुसऱ्यांचे बोलणे समजावून सांगणे, हेच त्यांचे मुख्य काम. वेदीवर उभे न राहताही, हाती असलेल्या कामात निष्ठा राखून संत होता येते, हे या सणातून ख्रिस्तसभा सांगते. दार बंद झाले म्हणून पाचारण संपत नाही, हाही त्याचाच अर्थ.