खुब्यांचा हिशेब ठेवणारा सर्जन

अबू धाबीच्या अल रीम आयलंडवरील मराठी घरांत भारतातून आई-वडील येतात आणि लिफ्टपर्यंतच्या चार पावलांतच त्यांच्या खुब्याचे किंवा गुडघ्याचे दुखणे लक्षात येते. मग सांधा बदलण्याचा विषय निघतो. त्या शस्त्रक्रियेला आजचे रूप देणारे सर जॉन चार्नली यांचे आयुष्य यशाइतकेच एका मोठ्या अपयशानेही घडले आहे.

29 ऑगस्ट 1911 रोजी लँकेशायरमधील बरी या गावी त्यांचा जन्म झाला. वडील औषधविक्रेते, आई परिचारिका. मँचेस्टरला वैद्यकीय शिक्षण झाले. महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून ते इजिप्तमध्ये होते; तिथल्या कार्यशाळेत अवजारे घडवून घेण्याची गोडी लागली ती कायमची. हाड कसे सांधते हे पाहण्यासाठी त्यांनी स्वतःच्या नडगीतून हाडाचा तुकडा काढवून घेतला आणि त्यातून जंतुसंसर्ग ओढवून घेतला. हट्टी माणूस!

एका रुग्णाचा ॲक्रिलिकचा कृत्रिम खुबा हालचाल करताना करकरत असे. त्या आवाजाने चार्नली यांना घर्षणाच्या प्रश्नाकडे वळवले. मांडीच्या हाडाला धातूचा लहान गोळा आणि खुब्यात टेफ्लॉनची वाटी, अशी रचना त्यांनी केली. सुमारे 300 रुग्ण वेदनामुक्त होऊन चालू लागले. पण दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजले, त्याच्या कणांनी आजूबाजूच्या पेशी सुजल्या आणि सांधे सैल झाले. चार्नली यांनी ही चूक झाकली नाही. रुग्णांवर पुन्हा शस्त्रक्रिया केल्या आणि टेफ्लॉनचे कण स्वतःच्या मांडीत टोचून घेतले. काही महिन्यांनी तिथे गाठी आल्या, तेव्हा त्यांनी ते निष्कर्ष प्रसिद्ध केले.

1962 मध्ये त्यांचे तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी, चार्नलींना आशा नसतानाही, पॉलिथिलीनचा एक नमुना यंत्रावर घासून पाहिला. तो टिकला. त्याच वर्षी रायटिंग्टन रुग्णालयात नवा खुबा बसला. पुढे त्यांनी स्वच्छ हवेची शस्त्रक्रियागृहे उभारली आणि सुमारे 9 टक्क्यांवर असलेले जंतुसंसर्गाचे प्रमाण 1 टक्क्याखाली आणले. रायटिंग्टनला शिकल्याशिवाय कोणा सर्जनला हा सांधा विकायचा नाही, अशी अटही त्यांनी उत्पादकावर काही वर्षे घातली होती.

या अटीमागचे कारण आजही समजते. खुब्याच्या मागूनच सायटिक नस जाते. ती ताणली गेली वा दाबली गेली तर पाऊल वर उचलता येत नाही. पहिल्याच खुबाबदलात हे साधारण शंभरात एकाला होते, दुसऱ्यांदा केलेल्या शस्त्रक्रियेत अधिक. उत्तम हातांतूनही ते घडू शकते, म्हणून नस दुखावली एवढ्यावर भरपाई मिळत नाही. काळजीत कसूर झाली हे दाखवावे लागते. अमिरातीचा वैद्यकीय दायित्व कायदाही ज्ञात गुंतागुंत आणि चूक यांत फरक करतो आणि भरपाईचा दावा न्यायालयात जाण्याआधी तज्ज्ञ समितीसमोर पाठवतो. भारतात या विचाराचा पाया एका मराठी पित्याने लढलेल्या खटल्यात आहे. 1953 मध्ये पालशेतच्या किनाऱ्यावर मांडीचे हाड मोडलेला तरुण पुण्यात पुरेशी भूल न देता हाड बसवल्यानंतर दगावला. वडील स्वतः डॉक्टर होते. 1968 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 3,000 रुपयांची भरपाई कायम ठेवली. रक्कम कोणत्याही काळात तोकडीच. पण रुग्णाला स्वीकारताना, उपचार ठरवताना आणि ते करताना अशा तिन्ही टप्प्यांवर डॉक्टरचे कर्तव्य त्या निकालाने नोंदवले.

अशा दाव्यांत सारे काही नोंदींवर अवलंबून असते, आणि नोंदींच्या बाबतीत चार्नली कमालीचे काटेकोर होते. 1974 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार आणि 1977 मध्ये सर हा किताब मिळाला. 5 ऑगस्ट 1982 रोजी ते वारले. त्याआधी त्यांनी आपल्या रुग्णांना एक विनंती केली होती: मृत्यूनंतर आपला खुबा तपासणीसाठी द्यावा. अनेकांनी होकार दिला होता, आणि काढून आणलेल्या वाट्या किती झिजल्या हे रायटिंग्टनमध्ये मोजले जात असे.