तत्त्वज्ञान शिकून पोट भरते का?



मुलाने तत्त्वज्ञान घेऊन बी.ए. करतो म्हटले की आम्हा आईबापांच्या पोटात गोळा येतो. एका आईची अशीच निराशा झाली होती, तिच्या मुलाची ही गोष्ट.

इनामगावकरांना डेक्कन कॉलेज ठाऊक आहे ते घोड नदीकाठच्या उत्खननामुळे. १९६८ पासून तेथील संशोधक आपल्याकडे खणत होते. त्याच्या सुमारे नव्वद वर्षे आधी या कॉलेजात गोपाळ गणेश आगरकर शिकत होते.

जन्म १८५६ चा, कऱ्हाडजवळच्या टेंभू गावचा. घरची अत्यंत गरिबी. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी, अकोला अशी वणवण. कॉलेजात अंगावर एकच सदरा. रात्री धुवायचा आणि सकाळी तोच घालायचा, असे सांगतात. तरी एम.ए.ला त्यांनी इतिहास आणि तत्त्वज्ञान हे विषय घेतले. त्या काळी एम.ए. म्हणजे सरकारी हुद्दा नक्की. पण मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी देणार, असे त्यांनी आईला आधीच कळवून टाकले. त्या माउलीने ते पत्र कोणाकडून वाचून घेतले असेल, हा विचार आमच्या मनातून जात नाही.

पुढे न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकी, ‘केसरी’चे संपादन, १८८२ मध्ये टिळकांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस, १८८८ मध्ये ‘सुधारक’, १८९२ पासून फर्ग्युसनचे प्राचार्यपद. बालविवाह आणि विधवांचे केशवपन यांविरुद्ध लिहिले म्हणून पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली गेली. मिल आणि स्पेन्सर वाचून झालेली मते त्यांनी लोकांच्या रागापायी बदलली नाहीत.

आगरकर देव मानत नव्हते. येथे आमचा त्यांचा मार्ग वेगळा होतो, आणि ते आम्ही लपवत नाही. पण तेच विषय पुण्याच्या ज्ञानदीप विद्यापीठात आपले भावी फादर ईशज्ञानाच्या आधी शिकतात. प्रश्नांना घाबरणारी श्रद्धा ख्रिस्तसभेला नको आहे. घरी यशोदाबाई देवपूजा करीत; आगरकरांनी त्यांना अडवले नाही, हेही सांगायला हवे.

दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या अडतिसाव्या वर्षी ते गेले. उशाशी एक पुडी सापडली. स्वतःच्या अंत्यविधीसाठी त्यांनी त्यात पैसे बांधून ठेवले होते.